हेडफोनमधला गाभारा

न्हाणीघरात अंगावर पाणी घेताना गुणगुणायला कोणाला आवडत नाही? एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी माणसेही तेथे मोकळ्या गळ्याने गातात, आणि आपला आवाज बरा आहे असे त्यांना मनापासून वाटते. देवळाच्या दगडी सभामंडपात किंवा कोरड्या विहिरीत डोकावून एक ‘आ’ लावला, तरी तोच अनुभव येतो. उलट गाद्या, उशा व कपडे यांनी गच्च भरलेल्या खोलीत तेच गाणे म्हटले, की आवाज पडल्यासारखा, फिका वाटतो. गळा तोच, गाणेही तेच. मग बदलले काय?

आता असे समजा, की शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तुम्हाला एक गीत घरीच ध्वनिमुद्रित करावयाचे आहे. ताईचा संगणक आहे, मायक्रोफोन मिळाला आहे, कानांवर हेडफोन चढवला आहे. पार्श्वसंगीत सुरू होते, तुम्ही गाऊ लागता आणि पहिल्याच ओळीला दचकता. कानांत येणारा स्वतःचा आवाज उघडा, करकरीत आणि परका वाटतो. स्वर डळमळतो. दोन-तीनदा प्रयत्न करून ‘आपल्याला गाताच येत नाही’ असा निष्कर्ष काढून मायक्रोफोन बाजूला ठेवणारी मुले कमी नाहीत. वास्तविक दोष त्यांच्या गळ्याचा नसतो. गाणाऱ्याच्या कानाला ज्याची सवय असते, ती एक गोष्ट त्या क्षणी कानापासून काढून घेतलेली असते. ती गोष्ट म्हणजे निनाद. ध्वनिमुद्रण करणारे तिला ‘रिव्हर्ब’ म्हणतात.

हा निनाद गाणाऱ्याच्या कानांत परत कसा आणावयाचा, आणि तोही मुद्रित होणाऱ्या आवाजाला धक्का न लावता, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्यात भौतिकशास्त्र आहे, शरीरशास्त्र आहे आणि थोडे अंकगणितही आहे. क्रमाने पाहू.

प्रतिध्वनी आणि निनाद

हवेत ध्वनीचा वेग २०° सेल्सिअस तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. म्हणजे एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या हजाराव्या भागात, ध्वनी सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. फूटपट्टीपेक्षा थोडे जास्त. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो वारंवार लागणार आहे.

पाठ्यपुस्तकात तुम्ही शिकला आहात, की प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी मूळ ध्वनी आणि परतलेला ध्वनी यांच्यात सुमारे एक दशांश सेकंदाचे अंतर लागते. म्हणून भिंत निदान १७ मीटर दूर हवी. पण घरातल्या भिंती तर दीड-दोन मीटरवर असतात. त्यांवरून परतणारा ध्वनी दहा-बारा मिलिसेकंदांतच कानाशी येतो. तो वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजात मिसळून जातो. शिवाय तो एकदाच परतत नाही. समोरच्या भिंतीवरून मागच्या भिंतीवर, तेथून छतावर, छतावरून फरशीवर असे त्याचे शेकडो परावर्तन होते. प्रत्येक आदळण्यात थोडी ऊर्जा शोषली जाते आणि आवाज हळूहळू विरतो. अनेक परावर्तनांच्या या गर्दीला आणि तिच्या विरत जाण्याला निनाद म्हणतात. प्रतिध्वनी म्हणजे दूरवरून आलेले एकच उत्तर. निनाद म्हणजे सगळ्या भिंतींनी एकदम धरलेला सूर.

न्हाणीघराच्या फरशा ध्वनी फारच थोडा शोषतात, म्हणून तेथे निनाद टिकतो. गादी, गोधडी, पडदे तो गिळून टाकतात.

सॅबाइन आणि उशांचा प्रयोग

निनादाचे शास्त्र जन्माला आले ते एका बिघडलेल्या व्याख्यानगृहामुळे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. पण तिच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणाला कळेना. उच्चारलेला शब्द तेथे सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळात वक्ता पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून जाई आणि सगळ्यांची खिचडी होई. १८९५ साली हे कोडे वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे सोपवण्यात आले.

सॅबाइनजवळ ध्वनी मोजण्याचे आजच्यासारखे एकही उपकरण नव्हते. त्याने ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि स्वतःचे कान एवढ्यावर काम भागवले. रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर रात्री तो नळी वाजवून बंद करी, आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजी. मग जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांवरच्या उशा आणून त्या खोलीत मांडी आणि पुन्हा मोजी. उशा वाढल्या की निनादाचा काळ घटे. अशा असंख्य मोजमापांतून १८९८ मध्ये त्याला एक साधे सूत्र सापडले:

निनादकाल = ०.१६१ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण

येथे घनफळ घनमीटरमध्ये व शोषण चौरस मीटरमध्ये घ्यावयाचे. निनादकाल म्हणजे ध्वनीची तीव्रता मूळच्या दहा लाखाव्या भागावर येण्यास लागणारा वेळ. या सूत्राच्या आधारे बॉस्टनचे सिम्फनी हॉल आखले गेले. ते १९०० साली उघडले आणि आजही जगातील उत्तम संगीतगृहांत त्याची गणना होते.

हे सूत्र तुमच्या खोलीला लावून पाहू. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे. घनफळ ३६ घनमीटर. भिंती, छत व फरशी मिळून पृष्ठफळ ६६ चौरस मीटर. खोली रिकामी असून गिलावा केलेल्या भिंती व फरशी आवाजाचा सुमारे शंभरात तीन भाग शोषतात असे धरले, तर एकूण शोषण सुमारे २ चौरस मीटर होते. निनादकाल = ०.१६१ × ३६ ÷ २ = सुमारे २.९ सेकंद! नवे घर घेतल्यावर रिकाम्या खोलीत आवाज का घुमतो, ते आता कळले. त्याच खोलीत पलंग, गाद्या, कपड्यांचा ढीग व पडदे आले आणि शोषण १२ चौरस मीटर झाले, की निनादकाल अर्ध्या सेकंदाच्याही थोडा खाली येतो.

ध्वनिमुद्रणासाठी आपण मुद्दाम अशीच, गोधड्या लटकवलेली खोली निवडतो. मायक्रोफोनला ती सोयीची असते. गाणाऱ्याच्या कानाला मात्र ती पोरकी वाटते.

आपण स्वतःला कसे ऐकतो?

दुसऱ्याचा आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो. स्वतःचा आवाज मात्र दोन वाटांनी येतो. एक वाट हवेची: तोंडातून बाहेर, गालांना वळसा घालून आणि भिंतींवरून परतून कानात. दुसरी वाट हाडांची: स्वरयंत्राची कंपने जबडा व कवटी यांतून सरळ अंतर्कर्णात. कानाच्या रचनेवरील संशोधनासाठी १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळालेले गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले, की स्वतःचे बोलणे ऐकताना या दोन्ही वाटांचा वाटा जवळजवळ सारखाच असतो.

हाडांच्या वाटेने खर्जाकडचे स्वर चांगले पोचतात. म्हणून स्वतःचा आवाज आपल्याला भारदस्त वाटतो. ध्वनिमुद्रणात केवळ हवेचा आवाज असतो. तो ऐकून ‘हा मी नव्हेच’ असे प्रत्येकाला वाटते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. बाकीचे जग तुमचा तोच आवाज रोज ऐकते आणि तरीही तुमच्याशी बोलते!

आता कानांवर बंद हेडफोन चढवल्यावर काय होते पाहा. हवेची वाट जवळजवळ बंद होते आणि हाडांची वाट उलट अधिक जाणवू लागते. दोन्ही कानांत बोटे घालून ‘ऊं’ म्हणा, म्हणजे पटेल. खोलीचा निनाद तर पार नाहीसा होतो. आता आपला आवाज हवेतून कसा जातो आहे हे कळण्यासाठी, मायक्रोफोनने पकडलेला आवाज हेडफोनमध्ये परत देण्यावाचून गत्यंतर नाही. गाता गाता स्वतःला असे ऐकणे, यालाच ‘मॉनिटरिंग’ म्हणतात.

हे ऐकणे नीट जमले नाही, तर गळा आपोआप बिघडतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये प्रसिद्ध केले, की कानांत गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. जत्रेत किंवा एसटीच्या इंजिनाजवळ बसून गप्पा मारताना तुम्ही हेच करता. हेडफोनमध्ये पार्श्वसंगीत मोठे आणि स्वतःचा आवाज बारीक असेल, तर गाणारा घसा ताणतो. उलट स्वतःचा आवाजच फार मोठा असेल, तर तो दबून गातो. आणि निनाद मुळीच नसेल, तर आणखी एक आधार जातो. निनादात आधीचा स्वर क्षणभर रेंगाळत असतो, पुढचा स्वर त्याच्याशी ताडून पाहता येतो. शिवाय शब्दांमधल्या शांततेत आवाज कडेलोट झाल्यासारखा संपत नाही, उतारावरून खाली आल्यासारखा विरतो. तेवढ्यावर गाणाऱ्याचा जीव निवांत होतो आणि श्वास लांब पुरतो.

न्हाणीघरापासून पोलादी पत्र्यापर्यंत

जेथे निनाद नाही तेथे तो निर्माण करण्याच्या युक्त्या माणसाने फार पूर्वी शोधल्या. पहिली युक्ती सरळ होती: निनाद देणारी खरी खोलीच वापरावयाची. गुळगुळीत भिंतींच्या रिकाम्या खोलीत एक लाउडस्पीकर ठेवून त्यातून गायकाचा आवाज सोडीत, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या मायक्रोफोनने घुमलेला आवाज परत घेत. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत अशी खोली होती. शिकागोत बिल पटनम या अभियंत्याने १९४७ साली ‘हार्मोनिकॅट्स’ या वाद्यवृंदाच्या मुद्रणासाठी चक्क स्टुडिओचे न्हाणीघर वापरले. म्हणजे तुम्ही रोज जे करता, तेच!

पण अशी खोली प्रत्येकाजवळ कोठून असणार? १९५७ मध्ये जर्मनीतील ईएमटी या कंपनीने खोलीऐवजी पत्रा आणला. सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड पोलादी पत्रा चौकटीत स्प्रिंगांनी ताणून धरलेला असे. गायकाचा आवाज विजेच्या रूपाने एका लहान कंपकाला देऊन पत्रा थरथरवीत. कंपने पत्र्याच्या कडांवर आदळून परतत, आणि ती टिपून निनाद मिळे. हे यंत्र अडीचशे किलोंहून जड होते. तरी खोलीच्या मानाने ते हलकेच म्हणावयाचे.

नंतर आला संगणक. बेल प्रयोगशाळेतील मानफ्रेड श्रोडर यांनी १९६१-६२ मध्ये केवळ गणिताने निनाद निर्माण करण्याची रीत मांडली. तिचे तत्त्व तुम्हाला सहज समजेल. ध्वनी आकड्यांच्या रूपात साठवावयाचा, थोड्या वेळाने तोच आकडा ०.७ ने गुणून पुन्हा मिसळावयाचा, तो परत तितक्याच वेळाने ०.७ ने गुणावयाचा. अशा फेऱ्यांत आवाजाची उंची १, ०.७, ०.४९, ०.३४ अशी घटत जाते. ही भूमितीश्रेढीच झाली. सुमारे २० फेऱ्यांत ती एक हजारांशावर येते. तीव्रता उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तेव्हा तीव्रता दहा लाखांशावर आली. एक फेरी ४० मिलिसेकंदांची असेल, तर निनादकाल २० × ४० = ८०० मिलिसेकंद.

मात्र एकाच फेरीने आवाज रिकाम्या डब्यातून आल्यासारखा येतो. म्हणून श्रोडर यांनी सुमारे ३० ते ४५ मिलिसेकंदांच्या दरम्यानच्या चार वेगवेगळ्या फेऱ्या एकदम चालवल्या आणि त्यांना आणखी दोन टप्प्यांतून गाळून घेतले. येथे तुमचा लसावि उपयोगी पडतो. फेऱ्या ३० व ४० मिलिसेकंदांच्या असतील, तर दर १२० मिलिसेकंदांनी त्या एकत्र येऊन ठोका देतील. पण २९ व ४१ अशा घेतल्या, तर एकत्र यायला ११८९ मिलिसेकंद लागतील. तोवर आवाज विरूनही जाईल. लसावि कशाला शिकावयाचा असे विचारणाऱ्या मित्राला हे जरूर सांगा.

आज घरच्या संगणकात किंवा फोनमध्ये असलेला निनाद याच विचाराची प्रगत आवृत्ती आहे. गाभाऱ्याएवढी किंवा विजापूरच्या गोलघुमटाएवढी खोली आता एका बटणात मावते.

वडापची जीप आणि उशीर

तर मग घोडे अडते कोठे? संगणकात निनाद आहे, मायक्रोफोन संगणकाला जोडलेला आहे. गाताना निनाद लावला आणि ऐकला, की झाले! पण प्रत्यक्षात असे केले, तर कित्येकदा आवाज मागे राहतो. तुम्ही ‘सा’ म्हणता आणि हेडफोन तो किंचित थांबून म्हणतो.

याचे कारण संगणकाच्या कामाच्या पद्धतीत आहे. तो आवाजाचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो. पण एकेक नमुना आला की त्यावर लगेच प्रक्रिया करणे त्याला परवडत नाही. खेड्यातली वडापची जीप जशी भरल्याशिवाय सुटत नाही, तसा तो ठराविक नमुने जमेपर्यंत थांबतो आणि मग सगळे एकदम उचलतो. या जमवाजमवीच्या जागेला ‘बफर’ म्हणतात. बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर जीप भरायला २५६ ÷ ४८,००० सेकंद, म्हणजे ५.३ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक जीप आणि बाहेर जाताना दुसरी, म्हणून निदान १०.७ मिलिसेकंद. १०२४ नमुन्यांचा बफर असेल, तर हाच हिशेब ४२ मिलिसेकंदांच्या पुढे जातो. ध्वनीच्या भाषेत सांगावयाचे, तर तुमचे तोंड तुमच्या कानापासून साडेचौदा मीटर दूर गेले!

‘मग जीप लहान घ्या,’ असे तुम्ही म्हणाल. ६४ नमुन्यांचा बफर घेतला, की एक खेप १.३ मिलिसेकंदांची होते, हे खरे. पण मग संगणकाला दर खेपेचे सगळे काम तेवढ्याच वेळात उरकावे लागते. निनादाचे गणित मोठे असते. ते वेळेत झाले नाही, की आवाज तुटतो आणि कानांत कट्-कट् ऐकू येते.

हा उशीर इतका का खुपतो? कारण हाडांची वाट बंद करता येत नाही. ती आवाज तत्काळ पोचवते आणि हेडफोन तोच आवाज मागाहून आणतो. उशीर १० मिलिसेकंदांचा असला, तर २५० हर्ट्झच्या स्वराची तेवढ्या वेळात अडीच कंपने होतात; एका वाटेचा उंचवटा दुसरीच्या खोलगटावर पडतो आणि स्वर क्षीण होतो. ३०० हर्ट्झच्या स्वराची मात्र बरोबर तीन कंपने होतात आणि तो उठून ऐकू येतो. म्हणजे काही स्वर दबलेले, काही फुगलेले, आणि आवाज पिंपात तोंड घालून गाल्यासारखा. या दोन वाटा अगदी सारख्या जोराच्या नसतात, म्हणून स्वर पुरते नाहीसे होत नाहीत. पण आवाजाचा पोत बिघडतो, एवढे निश्चित.

उशीर आणखी वाढला, तर प्रकरण मेंदूपर्यंत जाते. १९५० साली बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकाने बोलणाऱ्याला त्याचाच आवाज सेकंदाच्या काही अंशाने उशिरा ऐकवला. चांगले बोलणारी माणसे अडखळू लागली, अक्षरे दोनदा उच्चारू लागली. सुमारे एक पंचमांश सेकंदाचा उशीर यासाठी फारच वाईट. बिनतारी ब्लूटूथ हेडफोनमध्ये पुष्कळदा एवढाच, १०० ते २०० मिलिसेकंदांचा किंवा त्याहूनही अधिक, उशीर असतो. गाणी ऐकताना तो कळत नाही. गाताना मात्र तोच घात करतो. म्हणून गाताना हेडफोन तारेचाच हवा.

युक्ती: दोन वाटा वेगळ्या करा

आता या कोड्याचे उत्तर शोधू. थोडे थांबून विचार करा: मूळ आवाज उशिरा आलेला चालत नाही. पण निनाद? खऱ्या खोलीत तो कधी येतो?

तो उशिराच येतो! मोठ्या मंदिरात भिंतीवर जाऊन परतलेला आवाज १० मीटरचा जादा प्रवास करीत असेल, तर तो मूळ आवाजानंतर २९ मिलिसेकंदांनी कानाशी पोचतो. आपल्या कानाला त्यात काहीच वावगे वाटत नाही. ‘जागा मोठी आहे’ एवढाच अर्थ मेंदू काढतो.

म्हणून युक्ती अशी: मायक्रोफोनचा मूळ आवाज संगणकाच्या फेऱ्यात न घालता सरळ हेडफोनला द्यावयाचा. मायक्रोफोन आणि संगणक यांच्यामध्ये जी ध्वनिपेटी जोडतात, ज्याला ‘ऑडिओ इंटरफेस’ म्हणतात, तिच्यावर बहुधा यासाठी एक बटण असते. त्यावर ‘डायरेक्ट मॉनिटर’ असे लिहिलेले असते. ही वाट जवळजवळ विनाविलंब असते. त्याच वेळी संगणकाकडून केवळ निनाद मागवावयाचा. मूळ आवाजाचा अंशही त्यात नको. हा निनाद वीस-तीस मिलिसेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही. जीपचा उशीर आता दोष राहिला नाही. तो गाभाऱ्याच्या भिंतीचे अंतर झाला.

येथे एक चूक हमखास होते. संगणकातून निनादाबरोबर मूळ आवाजही पाठवला जातो. मग तो दोनदा ऐकू येतो आणि पिंपाचा आवाज पुन्हा सुरू होतो. म्हणून निनादाच्या खिडकीत ‘कोरडा’ आवाज शून्यावर आणि ‘ओला’ आवाज शंभरावर ठेवावा, आणि तो मार्ग मुख्य आवाजाला समांतर ठेवावा. काही ध्वनिपेट्यांत निनादाचे गणित करणारी चीप पेटीतच असते. तेथे तर संगणकाला त्रास देण्याचेही कारण नाही.

कानांत ओला, मुद्रणात कोरडा

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की हा निनाद केवळ गाणाऱ्याच्या कानांसाठी आहे. मुद्रण कोरडेच झाले पाहिजे. भाजीत मीठ मागाहून घालता येते, घातलेले काढता येत नाही. निनाद कमी करणाऱ्या संगणकीय रीती आज निघाल्या आहेत. पण त्यांनी आवाजावर थोडेफार ओरखडे राहतातच. कोरड्या मुद्रणाला मात्र तुम्ही नंतर हवा तसा, हवा तितका निनाद देऊ शकता: आज गाभाऱ्याचा, उद्या सभागृहाचा.

निनाद किती घ्यावा? कान सुखावतील इतका, पण शब्दांची शेवटची अक्षरे पुसली जाणार नाहीत इतका. निनाद फार झाला, की बेसूरपणाही त्यात लपतो. न्हाणीघरात आपण सगळेच चांगले गातो, याचे एक कारण तेच! ध्वनिमुद्रण करणारे साधारणपणे निनाद आधी वाढवतात आणि तो जाणवू लागला की थोडा खाली आणतात. काही गायक हेडफोनचा एक कान बाजूला सरकवतात, म्हणजे हवेची वाट एका कानापुरती उघडी राहते. तसे केल्यास मोकळ्या भागातून आवाज मायक्रोफोनमध्ये झिरपणार नाही, याची काळजी घ्या. गाताना लाउडस्पीकर कधीही चालू ठेवू नका. त्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये, तेथून परत लाउडस्पीकरमध्ये असे चक्र सुरू होऊन कर्णकर्कश शिट्टी वाजते.

आणि कानांची काळजी. हेडफोनचा आवाज आधी शून्यावर ठेवून मग हळूहळू वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसांनी ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबेल आहे. आवाज ३ डेसिबेलने वाढला, की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. अंतर्कर्णातील रोमपेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. ज्या कानांनी सूर जोखावयाचा, तेच गमावले तर गाणे कशाला?

करून पाहा

१. तळहातांचे द्रोण करून कानांमागे धरा आणि गा. मग हात काढून गा. हवेच्या वाटेचा वाटा तुमच्या लक्षात येईल.

२. वर्गातील फलकाजवळ, जिन्यात, न्हाणीघरात आणि उघड्या मैदानात एकेक टाळी वाजवा. टाळी विरायला किती वेळ लागतो याचा अंदाज लिहून ठेवा. वर्गाची लांबी, रुंदी, उंची मोजून सॅबाइनच्या सूत्राने रिकाम्या आणि भरलेल्या वर्गाचे शोषण काढा. मुले आत असताना निनाद का घटतो, ते सांगा.

३. तेच कडवे एकदा निनादाशिवाय व एकदा कानांत निनाद घेऊन मुद्रित करा. दोन्ही मुद्रणे कोरडीच असू द्या. कोणते कोणते आहे हे न सांगता दहा मित्रांना ऐकवा आणि कोणते गाणे अधिक निर्धास्त वाटते ते विचारा. मतांची नोंद ठेवा. शिक्षकांनी हा प्रयोग वेगवेगळ्या गायकांवर आणि क्रम उलटसुलट करून घ्यावा, म्हणजे निष्कर्षाला वजन येईल.

४. तुमच्या संगणकातील बफर १२८ नमुन्यांचा आहे. ये-जा मिळून उशीर किती? तेवढ्या वेळात ध्वनी हवेत किती अंतर जाईल?

हे प्रयोग झाल्यावर, ‘मला गाता येत नाही’ म्हणून मायक्रोफोन खाली ठेवलेल्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला बोलवा. हेडफोन लावा, मूळ आवाज सरळ द्या, थोडा निनाद सोडा, पार्श्वसंगीत जरा बारीक करा, आणि पुन्हा एकदा गायला सांगा.